उशिरा पोचणाऱ्या खबरीचा खेळ

दिल्लीतल्या सरोजिनी नगर बाजारात ठेल्यावर पडलेला कपड्यांचा ढीग जरा उपसून पाहावा. एकाच रंगाचे, एकाच मापाचे टॉप डझनांनी निघतात. कॉलरमागचे लेबल कात्रीने अर्धे कापलेले असते, नाहीतर त्यावर काळी रेघ मारलेली असते. भर उन्हाळ्यात जाड अस्तराची जाकिटे हाती लागतात आणि एखाद्याच्या बाहीत राहून गेलेल्या टॅगवर परदेशी चलनातली किंमत तशीच असते. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या नोकरांसाठी वसवलेल्या, पूर्वी विनय नगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वसाहतीचा बाजार आज देशभर माहीत आहे तो या 'एक्स्पोर्ट सरप्लस' मालासाठी. सगळाच माल परदेशी ऑर्डरींचा नसतो. नकला आणि स्थानिक शिलाईचे कपडेही त्यात बेमालूम मिसळलेले असतात. पण जो खरोखर शिलकी असतो, तो येण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. काही माल तपासणीत नाकारला जातो. काही, खराब नग निघतील हे गृहीत धरून, मुळातच ऑर्डरीपेक्षा जास्त कापलेला असतो. आणि काही माल खरेदीदाराने ऐनवेळी हात आखडता घेतल्यामुळे कारखान्यात पडून राहतो. या तिसऱ्या मालाकडे मला लक्ष वेधायचे आहे. लंडनच्या दुकानात काय खपते आहे, काय खपत नाही, ही खबर नोएडा किंवा ओखल्याच्या कटिंग टेबलापर्यंत येईतो बरेचदा कापड कापून झालेले असते, शिवणही पडलेली असते. सरोजिनी नगरात दोन-तीनशे रुपयांना जे विकत मिळते, त्यात या उशिराचाही वाटा असतो.

हे सांगायचे कारण वेगळे आहे. गेल्या काही वर्षांत कंपन्यांमध्ये, बँकांमध्ये, सरकारी प्रशिक्षण संस्थांमध्येही 'फीडबॅक' आणि बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेणे हे दोन विषय शिकवण्याची मोठी लाट आहे. बहुतेक ठिकाणी ती शिकवणूक बोलण्याच्या रीतीपुरती राहते. चूक कशी सांगावी, कौतुक आधी करावे की नंतर, ऐकून घेताना चेहरा कसा ठेवावा. माझे म्हणणे असे की, हे सगळे दुय्यम आहे. खबर कोणाला, केव्हा आणि किती हातांतून फिरून पोचते, यावर फीडबॅकचे यश ठरते. खबर शिळी असेल तर तिच्यावर घाईघाईने बदलणारी टीम न बदलणाऱ्या टीमपेक्षा जास्त नुकसान करते. ही गोष्ट भाषणाने पटत नाही, कारण ऐकणाऱ्याला ती आधीच ठाऊक आहे असे वाटते. ती पटवणारा एक जुना, साधा, टेबलावर मांडायचा खेळ आहे. अमेरिकेतल्या एमआयटीत जे फॉरेस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो घडवला, १९६०च्या दशकापासून तिथे तो खेळला जातो आणि 'बिअर गेम' या नावाने जगभरच्या व्यवस्थापन संस्थांत पोचला आहे. बिअरचे इथे काहीच महत्त्व नाही. पेट्यांऐवजी शर्ट म्हटले तरी खेळ तोच राहतो.

मांडणी अशी. लांब टेबलावर कागदी पट, त्यावर एका ओळीत चार जागा: किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना. प्रत्येकापुढे मालाची नाणी किंवा सोंगट्या, सुरुवातीला बारा. एक फेरी म्हणजे एक आठवडा. दुकानदार पालथ्या घातलेल्या गठ्ठ्यातून गिऱ्हाइकाच्या मागणीचे एक पान उलटतो आणि तेवढा माल देतो. मग स्वतःला किती हवे ते चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पालथी पुढे सरकवतो. ती वरच्याच्या हाती पडायला दोन आठवडे लागतात आणि त्याने पाठवलेला माल खाली यायला आणखी दोन. शिलकी पेटीला आठवड्याला अर्धा डॉलर खर्च, द्यायची राहिलेल्या पेटीला एक डॉलर. चौघांनी मिळून खर्च कमीत कमी ठेवायचा. बोलायला मात्र बंदी; दिसते ती फक्त हाती आलेली चिठ्ठी. पहिले चार आठवडे चार-चारची मागणी येते आणि सगळे कंटाळून बसतात. पाचव्या आठवड्याला पानावर आठ येते. दुकानदाराचा साठा घटू लागतो, तो थोडे जास्त मागवतो. माल येत नाही, म्हणून पुढच्या आठवड्याला आणखी मागवतो, आणि आधी मागवलेला माल वाटेत आहे हे विसरतो. वरच्या जागेवर ही मागणी अचानक आलेल्या पुरासारखी दिसते, म्हणून तो त्याहून जास्त लिहितो. आणखी काही आठवड्यांनी कारखान्याच्या पटावरून माल ओसंडून वाहत खाली येऊ लागतो आणि तोवर कोणालाच तो नको असतो. खेळणारे कपाळाला हात लावतात. कोणी हसतात, कोणी खरोखर चिडतात.

एमआयटीचे जॉन स्टरमन यांनी या खेळाच्या ४८ डावांचा, म्हणजे १९२ खेळाडूंचा अनुभव पुढे ठेवून १९८९ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. तपशिलात अभ्यासलेल्या डावांत सरासरी खर्च, नीट खेळल्यास जेवढा यायला हवा त्याच्या सुमारे दहापट आला होता. गिऱ्हाइकाची मागणी कधीच आठाच्या वर गेली नव्हती. दुकानदाराच्या मोठ्यात मोठ्या ऑर्डरीची सरासरी १५ होती, तर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कारखान्याची ३२. मला याहून बोलकी वाटते ती खेळानंतरची एक छोटी कृती. वरच्या जागांवर बसलेल्यांना गिऱ्हाइकाची मागणी कशी असेल याचा आलेख अंदाजाने काढायला सांगतात. बहुतेक जण चढउतारांची मोठी लाट काढतात. मग खरी पाने उलटून दाखवली जातात: चार, चार, चार, चार, आठ, आठ, आठ, आणि शेवटपर्यंत आठच. लाट बाहेरून आलीच नव्हती, ती टेबलावरच्या चौघांनी तयार केली होती. त्या क्षणी ज्याला आतापर्यंत दोष दिला त्या शेजाऱ्याकडे माणूस वेगळ्या नजरेने पाहतो, कारण त्या शेजाऱ्याच्या खुर्चीवर आपण असतो तर आपणही तेच लिहिले असते हे त्याला कळलेले असते. टीमला शिकवण्यासारखे याहून मोठे काही मला सुचत नाही. दोषारोप थांबवा असे सांगणारी शंभर पोस्टर भिंतीवर लावूनही हे साधत नाही.

फॉरेस्टर यांना हे सुचले ते एका खऱ्या कारखान्यावरून. जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीतल्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यात काही वर्षे जादा पाळ्या चालायच्या आणि त्यानंतर निम्म्या कामगारांना घरी बसवावे लागायचे. व्यवस्थापक तेजी-मंदीकडे बोट दाखवत. फॉरेस्टरनी कागद-पेन्सिल घेऊन कारखान्याचे स्वतःचे भरतीचे आणि साठ्याचे नियम आठवड्यामागून आठवडा मांडत नेले, तेव्हा बाहेरची मागणी स्थिर धरली तरी हेलकावे येतच होते. पुढे १९९७ मध्ये हाऊ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोषाची कारणे तपशिलाने मांडली. 'बुलव्हिप इफेक्ट' हे त्याचे नाव रूढ झाले. त्यात प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या बाळांच्या डायपरचे उदाहरण प्रसिद्ध आहे: बाळे रोज सारखेच डायपर ओले करतात, तरी कंपनीच्या ऑर्डरी मात्र उसळ्या मारत होत्या. कपड्यांच्या व्यवहारात हे आपण नुकतेच पाहिले. २०२०च्या मार्च-एप्रिलमध्ये पाश्चात्त्य ब्रँडनी ऑर्डरी धडाधड रद्द केल्या. एकट्या बांगलादेशात तीन अब्ज डॉलरहून जास्त मालाच्या ऑर्डरी रद्द झाल्या किंवा लांबणीवर पडल्याचे तिथल्या निर्यातदारांच्या संघटनेने सांगितले. मग मागणी परतली, जहाजे मिळेनात, सगळ्यांनी आगाऊ मागवून ठेवले. २०२२च्या पहिल्या तिमाहीत अमेरिकेच्या टार्गेट कंपनीचा साठा आदल्या वर्षीपेक्षा ४३ टक्क्यांनी फुगला आणि जूनमध्ये तिने सूट देऊन माल काढण्याचे व ऑर्डरी रद्द करण्याचे जाहीर केले. असा रद्द झालेला माल ज्या बाजारांत उतरतो, त्यांतला एक सरोजिनी नगर.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यासाठी ना लंडनला जावे लागते ना केंटकीला. कांदा पुरेसा आहे. दिवाळीच्या आसपास भाव चढला की नाशिक, नगर, पुण्याच्या शेतकऱ्याची उन्हाळ कांद्याची रोपे वाढतात. लागवड डिसेंबर-जानेवारीत, काढणी मार्च-एप्रिल-मेमध्ये. म्हणजे ज्या भावाकडे पाहून निर्णय घेतला तो भाव आणि ज्या भावाला माल विकायचा तो भाव यांत पाच-सहा महिन्यांचे अंतर, आणि तोच निर्णय त्याच वेळी शेजारच्या शेकडो गावांनीही घेतलेला. मार्च २०२३ मध्ये भाव इतके कोसळले की राज्य सरकारला क्विंटलला ३५० रुपयांचे अनुदान जाहीर करावे लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले आणि ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली, ती मे २०२४ पर्यंत. दिल्लीच्या भाजीबाजारात कांदा किती रुपये किलो आहे, हे राजधानीतल्या निर्णयकर्त्याला त्याच दिवशी कळते. १९९८च्या दिल्लीच्या निवडणुकीत महागलेल्या कांद्याने सत्ताधाऱ्यांना कसे पाडले हे तिथे कोणी विसरलेले नाही. लासलगावच्या चाळीत किती कांदा पडून आहे आणि शेतात किती लावला गेला आहे, ही दुसरी खबर मात्र सावकाश आणि अर्धवट पोचते. या गोष्टीत शेतकरी मूर्ख नाही. अधिकारीही दुष्ट असावा लागत नाही. प्रत्येक जण हाती आलेल्या चिठ्ठीवर तत्परतेने हलतो, आणि दर वेळी नुकसान सगळ्यांत जास्त त्याचेच होते ज्याला थांबून पाहण्याची ऐपत नाही.

आता ऑफिसातल्या फीडबॅककडे येऊ. १९९६ मध्ये अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी तोवरचे प्रयोग एकत्र करून ६०७ निष्कर्ष तपासले. फीडबॅकने सरासरीने काम सुधारत होते हे खरे, पण एक तृतीयांशाहून जास्त निष्कर्षांत ते चक्क बिघडले होते. त्यांनी दिलेले कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे: अभिप्राय कामाकडून माणसाच्या स्वतःविषयीच्या भावनेकडे लक्ष वळवू लागला की त्याचा उपयोग ओसरतो. वर्षातून एकदा होणाऱ्या अप्रेजलमध्ये दोन्ही दोष एकवटतात. एप्रिलमध्ये झालेल्या चुकीची चिठ्ठी पुढच्या मार्चमध्ये येते आणि तीही माणसाच्या स्वभावाचे वर्णन म्हणून येते. मग तो जोमाने बदलतो, नेमके त्या गोष्टीत बदलतो जी सहा महिन्यांपूर्वीच मागे पडली आहे. खेळाच्या टेबलावर दर आठवड्याला ऑर्डर भराभर वरखाली करणारा खेळाडू असाच वागत असतो, आणि आपण फार जागरूक आहोत असे त्याला मनापासून वाटत असते. तिथे चांगला खेळणारा वेगळ्याच गोष्टीने ओळखू येतो. तो वाटेत असलेल्या मालाची वहीत नोंद ठेवतो आणि साठा उणे दिसत असतानाही हात आवरतो. हा धीर आळशीपणासारखा दिसतो. म्हणून ऑफिसात त्याला बढती मिळत नाही, आणि मला वाटते हे आपल्या कामाच्या संस्कृतीचे मोठे दुखणे आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो गांभीर्याचा: मोठ्या माणसांना सोंगट्या कशाला? आपल्या परंपरेला तरी हा आक्षेप शोभत नाही. मोक्षपट, म्हणजे सापशिडीचे जुने रूप, ज्ञानदेवांनी रचला अशी मराठी परंपरेची समजूत आहे आणि अशा जुन्या पटांच्या प्रती रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहात सापडल्या आहेत. पटावर माणसाला काही शिकवता येते, हे आपल्याला फार आधीपासून माहीत आहे. फरक आहे तो काय शिकवायचे यात. मोक्षपटात कवड्या पडतील तशी चाल होते. खेळणाऱ्याला निवड नसते, म्हणून तो पुण्य-पापाची नावे शिकतो, पण आपल्याच निर्णयाचा परिणाम भोगत नाही. बुद्धिबळात निर्णय आहे, पण सगळा पट दोघांच्याही डोळ्यांसमोर आहे. अपुरी खबर, उशीर आणि आपलाच निर्णय या तिन्ही गोष्टी एकत्र अनुभवायला वेगळा पट लागतो. त्याशिवाय कामाच्या ठिकाणी ज्या चक्राला वर्ष लागते ते टेबलावर दीड-दोन तासांत पुरे होते, आणि हेच खेळाचे खरे बळ आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. टेबलावर कळलेले कामावर उतरते का? केवळ खेळल्याने उतरते, असा दावा मी करणार नाही, कारण पुरावा त्याच्या विरुद्ध आहे. रेचेल क्रोसन आणि कॅरन डोनोह्यू यांनी २००६ मध्ये दाखवले की मागणी कोणत्या मर्यादेत राहणार हे खेळाडूंना आधीच सांगितले तरी हेलकावे टिकून राहतात. त्याच वर्षीच्या वू आणि कॅटोक यांच्या प्रयोगाने आणखी नेमकी गोष्ट सांगितली: खेळाडूंना सराव दिला, समज वाढली, तरी तेवढ्याने डाव सुधारला नाही. सराव आणि चौघांनी एकत्र बसून बोलणे या दोन्ही गोष्टी जुळल्या तेव्हाच हेलकावे लक्षणीय कमी झाले. म्हणजे एकेका माणसाला शहाणे करून टीम शहाणी होत नाही. ज्या संस्था खेळ घेतात, फोटो काढतात आणि जेवणानंतर पांगतात, त्यांनी खेळाचा खर्च वाया घालवला असे मी म्हणेन. खेळानंतर चौघांनी आपापले आलेख शेजारी-शेजारी ठेवून जी चर्चा करायची, तिच्यासाठी खेळाइतकाच वेळ राखला नाही तर खेळ न घेतलेला बरा.

कोणी म्हणेल, आमच्याकडे ना पेट्या ना शर्ट. आम्ही फायली हलवतो, सॉफ्टवेअर लिहितो. फायलीचेही तेच होते, आणि सरोजिनी नगरच त्याची साक्ष देईल. जुलै २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दक्षिण दिल्लीतल्या सात सरकारी वसाहती पाडून नव्याने बांधायला मंजुरी दिली. सरोजिनी नगर त्यांतलीच एक. एकूण १२,९७० जुन्या क्वार्टरांच्या जागी २५,६६७ घरे, अपेक्षित खर्च ३२,८३५ कोटी. नकाशे झाले, निविदा झाल्या, परवानग्या झाल्या. या कामात १६,००० च्या आसपास झाडे जाणार हा आकडा लोकांपुढे ठळकपणे आला तो जून २०१८ मध्ये. तेव्हा रहिवासी आणि तरुण मुले झाडांना मिठ्या मारायला रस्त्यावर उतरली, उच्च न्यायालयाने तोडणी थांबवली आणि सरकारने आराखडे बदलण्याची घोषणा केली. आराखडा बदलायची तयारी ही चांगलीच गोष्ट आहे. पण हे पान दोन वर्षे गठ्ठ्यात पालथे पडून होते. ज्यांच्या दारातली झाडे होती ते रहिवासी पहिल्या जागेवर बसलेले, नकाशा काढणारे शेवटच्या, आणि मधल्या प्रत्येक टेबलावर फाइल वेळेत पुढे सरकत होती. त्या मधल्या कोणावर कामचुकारपणाचा ठपका ठेवता येईल असे मला वाटत नाही.

ठपका न ठेवण्याचाही अतिरेक होतो, हा शेवटचा आणि खरा आक्षेप. सगळा दोष रचनेचा म्हटले की निष्काळजी माणसाला आडोसा मिळतो. मान्य आहे. खेळातही कधी एखादा जण बेफिकीरपणे आकडे लिहितो आणि तिघांचे नुकसान करतो. तो ओळखायला आधी रचना सपाट करून पाहावी लागते. दुसऱ्या डावात दुकानदाराचे पान चौघांनाही दिसू द्यावे, चिठ्ठीचा उशीर दोनवरून एक आठवड्यावर आणावा, आणि मग कोणाचे आकडे तरीही उसळतात ते पाहावे. खबर वेळेवर मिळूनही जो सुधारत नाही त्याच्याशी बोलण्याचा अधिकार टीमला तेव्हा येतो, त्याआधी नाही.

हा डाव मांडायला खर्च नगण्य. कागदी पट घरी आखता येतो, सोंगट्यांऐवजी नाणी, चिंचोके किंवा बटणे चालतात. जागा वाटताना मात्र एक पथ्य पाळावे. साहेबांना कारखान्याच्या खुर्चीवर बसवावे, जिथे गिऱ्हाइकाचा आवाज सगळ्यांत उशिरा आणि सगळ्यांत विकृत होऊन पोचतो, आणि टीममधल्या सर्वांत नव्या मुलीला दुकानदाराच्या. डाव संपल्यावर साहेबांनी काढलेला मागणीचा आलेख फळ्यावर आधी लावावा आणि खरी पाने तिने एकेक करून उलटावीत. त्यानंतरच्या चर्चेत प्रश्न एकच ठेवावा: आपल्या कामात अशी कोणती चिठ्ठी आहे जी तिच्या हाती आज आहे आणि साहेबांच्या हाती महिन्याभराने येते? उत्तरे चार-पाच येतील. त्यांतली एक निवडून ती चिठ्ठी त्याच आठवड्यापासून थेट पाठवायला सुरुवात करावी, आणि तीन महिन्यांनी उशीर किती उरला ते मोजावे.